झाकणावर पोपट असलेला डबा

दाभोळच्या खाडीकाठी जन्मलेल्या मुनीर मुकादमला बोट लागते. ज्या घरातल्या पुरुषांनी जन्मभर जहाजांवर नोकऱ्या केल्या त्या घरातल्या माणसाने असं असावं, याचं त्याच्या गावाला आजही हसू येतं. दुबईत देराहून खाडीपलीकडे बर दुबईला नेणारी साधी अब्रा होडी, पाच-सात मिनिटांचं काम, पण तेवढ्यातही त्याच्या पोटात ढवळतं. म्हणून पलीकडे जायचं झालं की हा गृहस्थ मेट्रो धरतो आणि पाण्याखालून जातो. आणि धंदा काय, तर लोकांना दूरदूरच्या बेटांवर पाठवायचा.

देरामध्ये, मसाल्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, एका ट्रॅव्हल ऑफिसात तो एकोणतीस वर्षं एकाच टेबलाशी बसला आहे. मालक दोनदा बदलले, खुर्ची तीनदा बदलली, मुनीर तोच. केस पिकले, चष्मा जाड झाला, मुलगा अबुजर शिकून कॅनडाला गेला. ऑफिसातले सगळे त्याला ‘आयलंडवाला मुनीरभाई’ म्हणतात. मालदीव, झांझिबार कुणीही विकतं. मुनीर विकायचा सेंट ओरेल.

कॅरिबियन समुद्रातलं हे बेट नकाशावर शोधायला भिंग लागतं. एक रस्ता, एक धक्का, एक गेस्ट हाऊस, पांढरी वाळू, जायफळाची झाडं. मोठं हॉटेल नाही, जाहिरातीची पाटी नाही, गाणं लावलेलं दुकान नाही. मुनीर हे सगळं असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं हा दरवर्षी जाऊन येतो. गेला मात्र एकदाही नाही. वीस वर्षांत त्याने अकरा गिऱ्हाइकं तिथे पाठवली, सगळी खूश होऊन परतली, आणि एक गोष्ट सगळ्यांनी न चुकता सांगितली. तिथली शांतता चांगली आहे, पण थोडी वेगळी आहे. आपण खोलीत शिरावं आणि आत बोलत बसलेली माणसं एकदम गप्प व्हावीत, तशी.

प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना मुनीर एक काम सांगायचा. "जमलं तर धक्क्यावर विचारा, युनूस मुकादम नावाचा कुणी आहे का." आजवर कुणालाच काही उत्तर मिळालं नव्हतं.

युनूस हा मुनीरचा थोरला भाऊ. मालवाहू जहाजावर खलाशी होता. अंगाने दणकट, बोलायला गोड, आणि शर्टाची डावी बाही तेवढी दुमडायची त्याची सवय. उजवी कधीच नाही. १९९३ साली त्याचं जहाज गोडं पाणी भरायला सेंट ओरेलला थांबलं. तिथे धक्क्यावर एका म्हातारीने त्याला खोबऱ्याची मिठाई भरलेला पत्र्याचा डबा दिला. चौकोनी डबा, झाकणावर हिरवा पोपट रंगवलेला. का दिला, कोण जाणे. युनूस सुट्टीवर घरी आला तेव्हा तो डबा घेऊन आला. म्हातारीच्या डोक्याला पिवळा रुमाल होता, एका डोळ्यात फूल पडलेलं होतं, असं त्याने सगळ्यांना रंगवून सांगितलं. मिठाई सगळ्या घराने खाल्ली. जायफळाचा वास दोन दिवस हातांना येत होता.

आता आपल्याकडे भरलेला आलेला डबा कुणी रिकामा परत करत नाही. निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. पण सहा महिन्यांनी युनूस परत जहाजावर निघाला तेव्हा तो डबा रिकामाच गेला. घाईत राहून गेलं, असं आई म्हणाली.

पुढचं सगळं त्याच्याबरोबरच्या एका खलाशाने गावात येऊन सांगितलं. जहाज पुन्हा त्या बेटाशी थांबलं. युनूस डबा काखेत मारून होडीतून उतरला. "दोन मिनिटांत देऊन येतो," म्हणाला. म्हातारी धक्क्यावरच उभी होती. तिने झाकण उघडून डब्यात पाहिलं. मग युनूसकडे पाहिलं. मग त्याचा हात धरला आणि दोघं रस्त्याने वर चालू लागली. खलाशाने हाका मारल्या, युनूसने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. जहाज एक दिवस थांबलं आणि निघून गेलं. कंपनीने कागदावर ‘पळून गेला’ असं लिहिलं.

गावात मात्र आई एकच वाक्य बोलत राहिली. "रिकामा डबा गेला. त्यांनी माणूस ठेवून घेतला." लोक म्हणायचे, आईचं डोकं फिरलं.

आणि मागे राहिली ताजबी, युनूसची बायको. तेव्हा सत्तावीस वर्षांची. मूलबाळ नव्हतं. चार वर्षं झाल्यावर जमातीतल्या मोठ्यांनी येऊन समजावलं की बाई, आता तू मोकळी आहेस, दुसरं घर बघ. ताजबीने त्यांना चहा दिला आणि हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच ठेवल्या. एकतीस वर्षं झाली, एक फुटली की ती दुसरी भरते. बायको की विधवा, हे तिला कुणी सांगू शकलं नाही आणि तिने कुणाला सांगू दिलं नाही. आई गेल्यावर मुनीरने तिला शारजाला आपल्या घरी आणलं. अल मजाज भागात, चौदाव्या मजल्यावर, खालिद लगूनच्या पाण्याकडे तोंड असलेल्या स्वयंपाकघरात, ताजबीचं राज्य सुरू झालं. मुनीरची बायको मरियमबी एका क्लिनिकमध्ये कामाला जायची, तिला हायसंच वाटलं. ताजबी डावखुरी. तिने मुरडलेल्या करंजीची मुरड उलट्या दिशेने जायची, आणि ताटात दहा करंज्या असल्या तरी तिची कुठली ते लगेच कळायचं.

गेल्या सप्टेंबरात मुनीरची गिऱ्हाइकं नीरव आणि सान्वी सेंट ओरेलहून परत आली. नवरा-बायको दोघंही इथेच वाढलेले, आयटीमध्ये, मराठी बोलताना निम्मं इंग्रजी. नीरव एकटाच ऑफिसात आला. त्याच्या हातात पिशवी होती.

"कसं होतं बेट?" मुनीरने विचारलं.

"ब्युटिफुल, अंकल. एकदम untouched." त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "पण सॉरी हां, तुम्ही ते नाव विचारायला सांगितलं होतं ना, ते मी टोटली विसरलो. निघायच्या दिवशी जेट्टीवर एक म्हातारी आली. पिवळा स्कार्फ, एका डोळ्यात पांढरं. तिने हे दिलं. म्हणाली, for the wife. मला वाटलं सान्वीसाठी. तर म्हणाली, ही बायको नाही. Wife of Yunus."

"तू तिच्याशी काहीच बोलला नव्हतास?"

"I swear, अंकल. आम्ही त्या ट्रिपमध्ये कुणाशीच फार बोललो नाही. का कुणास ठाऊक, बोलावंसंच वाटत नव्हतं."

पिशवीत डबा होता. झाकणावरचा पोपट निम्मा उडाला होता, कोपऱ्याला मोठा पोचा होता. मुनीरने डबा हातात घेतला आणि तो कोमट लागला. गाडीत ऊन लागलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. १९९३ साली जी बाई म्हातारी होती ती आज धक्क्यावर उभी राहून डबे कशी वाटते, हा साधा हिशोब त्याला जमेना.

घरी नेऊ नये, असंच त्याच्या मनात आलं. वाटेत कुठेतरी टाकून द्यावा, आणि खलास. पण तो डबा बायकोसाठी आला होता, आणि बायको घरी होती. टॅक्सीत त्याने तो मांडीवर धरला. शारजा येईपर्यंत त्याची ऊब पँटमधून लागत होती.

ताजबी दुपारच्या भाताचं बघत होती. तिने डबा पाहिला, पदराला हात पुसले आणि गॅस बंद केला. घाबरली नाही, रडली नाही. तिने पोच्यावरून अंगठा फिरवला.

"हा पोचा माझा आहे," ती म्हणाली.

मुनीरला कळेना.

"घाईबिई काही नव्हती, मुनीर. आमचं भांडण झालं होतं. पुन्हा नऊ महिन्यांसाठी जायचा होता, मी नको म्हणत होते. तो म्हणाला, म्हातारीचा डबा द्यायचाय, करंज्या भरून दे. मी म्हटलं, तुझ्या म्हातारीलाच सांग भरायला. धुतला आणि त्याच्या बॅगेत आपटला. रिकामा. आईंनी पाहिलं होतं सगळं. त्यांनी मरेपर्यंत स्वतःवर घेतलं."

वीस वर्षं मुनीर परक्या माणसांजवळ भावाची चौकशी करत होता, आणि ही बाई त्याच घरात, त्याच टेबलावर त्याला जेवायला वाढत, हे मनात घेऊन वावरत होती. त्याला राग यायला हवा होता. त्याला तिची फक्त दया आली.

डब्यात खोबऱ्याची मिठाई होती. ताजी, जायफळाची. संध्याकाळी मरियमबी आली तेव्हा तिने एक तुकडाही तोंडात घातला नाही. ताजबीने सगळी खाल्ली, सावकाश, चार दिवस. मग डबा धुतला, पुसला आणि म्हणाली, "परत द्यायला मी जाणार."

"भाबी, डोकं ठिकाणावर आहे का?" मुनीर ओरडला. "दोन मोठी विमानं, एक छोटं विमान, वरून बोट. तुला इंग्रजी येत नाही."

"तिला तरी मराठी कुठे येतं?"

"मी येतो बरोबर."

"तू कशाला? रिकामा मी दिला होता." आणि हसून म्हणाली, "तुला बोट लागते."

आठवडाभर घरात हाच वाद चालला. मरियमबीने स्पष्ट सांगितलं, जाऊ देऊ नका. मुनीरने हिंदीत, मराठीत, देवाची भीती घालून सगळं करून पाहिलं. शेवटी ताजबी एवढंच म्हणाली, "मी बायको आहे की नाही ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. इन्शाल्ला, बघून परत येईन." या वाक्यापुढे मुनीरचं काही चाललं नाही. त्याने स्वतःच्या हाताने तिकीट काढलं. जायचं आणि यायचं, दोन्ही. यायची तारीख त्याने तिच्याकडून तीनदा वदवून घेतली, चौदा नोव्हेंबर.

निघायच्या आदल्या दिवशी तिने करंज्या केल्या. सुकं खोबरं, खसखस, भरपूर जायफळ. डबा इतका गच्च भरला की झाकण दाबून बसवावं लागलं. विमानतळावर तिने तो हातातल्या पिशवीत घेतला, सामानात दिला नाही. काचेपलीकडे गेल्यावर तिने एकदा हात केला आणि बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

पोचल्यावर तिचा व्हिडिओ कॉल आला. देरात दुपारचे चार, तिकडे सकाळचे आठ. ऑफिसातले सगळे मुनीरच्या खुर्चीमागे गोळा झाले, कारण इतकी वर्षं ज्याचं वर्णन ऐकलं ते बेट त्यांनाही बघायचं होतं. ताजबीने फोन फिरवून दाखवलं. निळं पाणी, रिकामा धक्का, वर जाणारा रस्ता. फारच सुंदर होतं. मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, "मुनीरभाई, आवाज म्यूट है क्या?" म्यूट नव्हता. लाटा किनाऱ्याला लागताना दिसत होत्या, त्यांचा आवाज येत नव्हता. ताजबीचा आवाज मात्र स्वच्छ येत होता.

"डबा दिला," ती म्हणाली. "तिने उघडलाच नाही. कानाशी धरून हलवला आणि हसली."

"आणि युनूसभाई?"

"विचारते," ती म्हणाली. कॉल तुटला.

दुसरा कॉल तीन दिवसांनी आला. या वेळी ताजबी एका व्हरांड्यात बसली होती. चेहऱ्यावरचा शीण उतरलेला. इतक्या वर्षांत मुनीरने तिला असं निवांत पाहिलं नव्हतं. तिच्या मागे, अंगणात, एक माणूस पाठमोरा बसून नारळ सोलत होता. रुंद खांदे, काळे कुळकुळीत केस. मुनीरने फोन डोळ्यांजवळ नेला. माणसाची डावी बाही दुमडलेली होती. उजवी नव्हती.

युनूस असता तर तो आता चौसष्ट वर्षांचा असता.

"भाबी," मुनीर म्हणाला. "मागे कोण आहे?"

ताजबीने वळून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग पुन्हा फोनकडे वळली.

"अरे, तो होय," ती म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. "मुनीर, तू ऑफिसात जेवतोस ना वेळेवर?"

"भाबी, त्याला हाक मार. त्याला इकडे बघायला सांग!"

"काम करतोय रे. कशाला त्रास द्यायचा." तिने केस मागे सारले, बांगड्या वाजल्या. "आणि ऐक. तू येऊ नकोस हां इकडे. तुला बोट लागते."

त्यानंतर फोन लागला नाही.

चौदा तारखेला मुनीर आणि मरियमबी विमानतळावर दुपारी दोनपासून उभे होते. विमान उतरलं, माणसं बाहेर आली, गर्दी ओसरली, सफाईवाले आले. ताजबी आली नाही. मुनीरने गेस्ट हाऊसला फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं की मॅडमने खोली सोडली, मॅडम घरी गेल्या. कुठल्या घरी, त्याने विचारलं. "घरी," बाई म्हणाली आणि फोन ठेवला. मग अर्ज झाले, ईमेल झाले. बेटावरच्या एकुलत्या एक पोलिसाचं उत्तर आलं की इथे कुणीही हरवलेलं नाही. मुनीरने जायची तयारी केली. बॅग भरली. मरियमबीने त्याचा पासपोर्ट काढून घेतला आणि कुठे ठेवला ते आजतागायत सांगितलं नाही. "ती सांगून गेलीये, येऊ नकोस म्हणून," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाचंही आपण ऐकतो. ती तर जिवंत आहे." मुनीर लहान मुलासारखा रडला.

त्या दिवसापासून त्याने सेंट ओरेल विकणं बंद केलं. कुणी शांत बेट मागितलं की झांझिबारचं पत्रक पुढे करायचा. ऑफिसातले हळहळायचे, पण विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास घराची बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, पस्तिशीची, संपदा नाव. शाळेत शिकवते म्हणाली. ती मुनीरची गिऱ्हाईक नव्हती. इंटरनेटवर स्वतःच शोधून एकटीच सेंट ओरेलला फिरायला गेली होती.

"मला तिथल्या एका म्हातारीने तुमच्या बिल्डिंगचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "फ्लॅट नंबरसुद्धा. मला फार विचित्र वाटलं, पण नाही कसं म्हणणार? कुणीतरी जाणाऱ्याच्या हाती पार्सल दिलं की आपण आणतोच ना."

तिने डबा पुढे केला. तिला पाणी विचारायचंही दोघांना सुचलं नाही. ती दोन दिवस प्रवास करून आली होती, आणि डबा कोमट होता.

मुनीरने तो स्वयंपाकघरात नेला आणि झाकण उघडलं. आत करंज्या होत्या, नीट तीन थर लावलेल्या. जायफळाचा वास घरभर झाला. त्याने एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मुरड उलट्या दिशेने गेलेली होती.

त्याने ती खाल्ली. चव तीच होती. साखर थोडी कमी, जायफळ थोडं जास्त, जशी ताजबी करायची. तिथे ती ओट्याशी उभी राहून, डाव्या हाताने मुरड घालत, कुणासाठी तरी करंज्या तळत होती. आणि अंगणात कुणीतरी तिला नारळ सोलून देत होतं. मुनीरला जितकी भीती वाटली तितकाच तिचा हेवाही वाटला. आपणही जावं, असं त्याला इतकं तीव्रपणे वाटलं की त्याने ओट्याची कड धरून ठेवली.

मरियमबी दारात उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग ती पुढे आली. तिने करंज्या एका ताटात काढल्या, डबा साबणाने घासला, आतून-बाहेरून कोरडा केला. कपाटातून रवा काढला. खोबऱ्याची वाटी काढली. भर अकरा वाजता तिने कढई गॅसवर चढवली.

"आजच?" मुनीरने विचारलं.

"आजच. आणि दर वेळी." तिने खोबरं किसायला घेतलं. "त्या मुलीला थांबवा. तिच्या ओळखीचं कुणी ना कुणी जाणार असेलच. हा डबा या घरातून रिकामा जाणार नाही. माझे हात चालतायत तोवर नाही."

मुनीर बाहेर गेला. संपदा सोफ्यावर बसून लगूनकडे पाहत होती. त्याने तिला थांबायला सांगितलं आणि परत आत येऊन मरियमबीच्या शेजारी उभा राहिला.

"जायफळ कुठे ठेवायची ती?" मरियमबीने विचारलं.

दोघांनी सगळे डबे उघडून पाहिले. मुनीर वरच्या फळीवर हात फिरवत होता, तेवढ्यात ओट्यावरचा रिकामा डबा हलल्यासारखा वाजला. मरियमबीने झटकन त्यात मूठभर साखर टाकली.